शोभेचा मासा घ्यायचा की नाही, हे गावचं पाणी बघून ठरवा

दुकानातून मासा विकत घेणं बरोबर की चूक, याचं सरसकट उत्तर देता येत नाही. अमुक जातीचा मासा अमुक गावच्या पाण्यात जगेल का, मे महिना काढेल का, आणि नकोसा झाला की कुठे जाईल, याचं उत्तर मात्र नेमकं देता येतं. विदर्भातल्या गावात राहणाऱ्यासाठी हा प्रश्न मुंबई-पुण्यापेक्षा अवघड आहे. इथे पाणी जड, ऊन जास्त, लाइनचा भरवसा नाही, आणि घरापासून हाकेच्या अंतरावर तलाव किंवा बोडी (लहान तळं) असते.

आधी एक शंका निकालात काढू. माशाला दुखतं का? २००३ साली स्कॉटलंडच्या रोझलिन इन्स्टिट्यूटमध्ये लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी ट्राउट माशांच्या ओठांत मधमाशीचं विष किंवा अ‍ॅसेटिक आम्ल टोचून पाहिलं. ते मासे बराच वेळ खाण्याकडे फिरकले नाहीत, जागच्या जागी डोलत राहिले, आणि आम्ल टोचलेल्यांनी ओठ तळाच्या खड्यांवर घासले. मेंदूच्या रचनेवरून ‘याला वेदना म्हणू नये’ असं मानणारे शास्त्रज्ञही आहेत. तो वाद चालू आहे. खरेदी करणाऱ्याने मात्र दुखतं असं धरूनच चालावं. ते धरून चालण्यात आपलं जातं काय? कायद्यानेही सोय ठेवली आहे: १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात ‘प्राणी’ म्हणजे माणूस सोडून कोणताही सजीव. त्यात मासा आला.

मासा दुकानापर्यंत येतो कसा

नागपूरच्या दुकानात दिसणारा मासा बहुधा नागपूरचा नसतो. चेन्नईचं कोलत्तूर आणि कोलकाता-हावड्याचा परिसर ही शोभेच्या माशांच्या पैदाशीची मोठी ठिकाणं. तिथून थर्मोकोलच्या खोक्यांत मासे नागपूरला येतात, तिथून वर्धा, यवतमाळ, चंद्रपूर, आणि मग तालुक्याच्या दुकानात किंवा आठवडी बाजारातल्या पिशव्यांत. गोड्या पाण्यातले बहुतेक शोभेचे मासे पैदास केंद्रातलेच असतात, त्यामुळे ‘नदीतून ओरबाडून आणले’ हा आरोप गप्पी-मोलीला लागू होत नाही. त्यांचे हाल होतात ते प्रवासात.

ती पिशवी नीट समजून घेण्यासारखी आहे. भरण्याआधी मासे एक-दोन दिवस उपाशी ठेवतात, म्हणजे ते पाण्यात घाण कमी करतात. पिशवीत एक भाग पाणी आणि दोन भाग ऑक्सिजन. प्रवासात मासा श्वास सोडतो, कार्बन डायऑक्साइड पाण्यात साठतो आणि पाणी आम्लधर्मी होत जातं. त्याच वेळी माशाच्या कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडत असतो. आम्लधर्मी पाण्यात हा अमोनिया बहुतांशी अमोनियम या कमी विषारी रूपात राहतो, म्हणून मासा तग धरतो. तुम्ही घरी पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पाण्याचा पीएच वर चढतो आणि साठलेलं अमोनियम पुन्हा विषारी अमोनिया होतं. किती फरक पडतो पाहा: ३० अंश तापमानाला पीएच ७ असेल तर एकूण अमोनियाचा जेमतेम ०.८ टक्के भाग विषारी रूपात असतो. पीएच ८ झाला की तोच भाग साडेसात टक्क्यांच्या आसपास जातो.

म्हणून लांबून आलेल्या माशांची पिशवी उघडून तासभर थोडं थोडं पाणी ओतत बसायचं नाही. बंद पिशवी २० मिनिटं टाकीत तरंगत ठेवायची, म्हणजे तापमान जुळतं. मग उघडायची, मासे जाळीने काढून लगेच टाकीत सोडायचे आणि पिशवीतलं पाणी झाडाला घालायचं. दुकानदाराने तासाभरापूर्वी बांधून दिलेली पिशवी असेल तर सावकाश पाणी मिसळायला हरकत नाही, कारण त्यात अमोनिया साठायला वेळच मिळालेला नसतो.

कोणते मासे घेऊच नयेत

इथे आमचं मत स्पष्ट आहे. काही मासे कुठल्याही किमतीला, कुणाच्याही हट्टासाठी घेऊ नयेत.

पहिला नंबर रंगवलेल्या माशांचा. गुलाबी, निळा, पोपटी दिसणारा विडो टेट्रा मुळात काळपट-चंदेरी असतो. त्याला सुईने रंग टोचतात किंवा अंगावरचा बुळबुळीत थर रसायनाने काढून रंगात बुडवतात. तो थर म्हणजे माशाची कातडीवरची ढाल. ती गेली की बुरशी आणि जंतूंना मोकळं रान. जगलेल्यांचा रंग काही महिन्यांत उतरतो. आपल्याकडच्या नद्या-तलावांत चांदा नावाचा काचेसारखा पारदर्शक मासा मिळतो. त्याच्याच जातभाईला टोचून ‘डिस्को फिश’ म्हणून विकण्याचा धंदा वर्षानुवर्षं चालला. जनुकात बदल करून चमकणारे मासेही असतात, त्यांना टोचलेलं नसतं; पण दुकानात शेजारी ठेवलेल्या दोन गुलाबी माशांतला टोचलेला कोणता, हे डोळ्यांनी खात्रीने सांगता येत नाही. दोन्ही सोडून द्या.

दुसरा, पॅरट फिश. तैवानमध्ये १९८०च्या दशकात दोन जातींच्या संकरातून तयार झालेला. त्याचं तोंड नीट मिटत नाही, खाताना घास सांडतो. ‘हार्ट पॅरट’ म्हणून विकला जातो त्याची शेपटी पिल्लू असताना कापलेली असते. वास्तूसाठी, बरकतीसाठी म्हणून तो घरात आणणाऱ्याने हे एकदा ऐकून घ्यावं.

तिसरा सकर. ‘टाकी साफ करतो’ म्हणून दोन इंचाचा सकर दुकानदार हमखास गळ्यात मारतो. तो टाकी साफ करत नाही. थोडं शेवाळ खातो आणि खाल्लंय त्याहून जास्त विष्ठा करतो. वाढून दीड फूट होतो. दोन फुटी टाकीत त्याला वळतासुद्धा येत नाही, आणि मग तो जातो गावच्या तलावात. त्याबद्दल पुढे.

गोल काचेच्या भांड्यातला गोल्डफिश हा चौथा, आणि खेड्यात सर्वांत जास्त मरणारा. गोल्डफिश १० ते १५ वर्षं जगू शकतो आणि ६ ते ८ इंच होतो. त्याला सुरुवातीलाच ७५ लिटरच्या वर पाणी हवं, आणि पाणी थंडसर, २४ अंशांच्या आत बरं. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हात, वर्धेच्या टिनाच्या छताखाली हे शक्य नाही. बाटलीतला फायटर मात्र वेगळी गोष्ट आहे: त्याला हवेतून श्वास घेता येतो म्हणून तो बाटलीत मरत नाही एवढंच. १५-२० लिटरची झाकण असलेली टाकी देणार असाल तर तो आणायला हरकत नाही. दोन नर एकत्र ठेवायचे नाहीत, हे बहुतेकांना माहीत असतं.

समुद्री माशांचा विषय विदर्भातल्या गावात क्वचित निघतो. फिलिपिन्स-इंडोनेशियात प्रवाळात लपलेले मासे सायनाइड फवारून गुंगवून पकडण्याची पद्धत चालत आली आहे. त्यात मासाही खंगतो, प्रवाळही मरतं. समुद्रघोडा आणि जिवंत प्रवाळ आपल्याकडे वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे बाळगणं हाच गुन्हा.

आता एक गोष्ट उलट बाजूची. ‘रानातून पकडलेला मासा म्हणजे पाप, पैदास केलेला म्हणजे पुण्य’ हा हिशोब नेहमी बरोबर येत नाही. ब्राझीलच्या रिओ नेग्रो नदीवर बार्सेलोस गावची माणसं पिढ्यान्‌पिढ्या कार्डिनल टेट्रा हाताने पकडतात. पाणी ओसरलं की त्यातले असंख्य मासे एरवीही मरतात, आणि माशांवर पोट भरतं म्हणून त्या माणसांना जंगल तोडायला जावं लागत नाही. उलट आपल्या पश्चिम घाटातल्या ‘मिस केरला’ची, म्हणजे डेनिसन बार्बची, निर्यातीसाठी एवढी पकड झाली की ती जात आता धोक्यात आलेल्यांच्या यादीत आहे. तेव्हा दुकानदाराला ‘पैदाशीचा आहे का’ एवढं विचारून थांबू नका. ‘कुठली जात, कुठून आली’ हेही विचारा.

आपलं पाणी कुणाला मानवतं

अकोला, अमरावती, बुलडाणा जिल्ह्यांतला पूर्णेकाठचा खारपाणपट्टा सगळ्यांना ठाऊक आहे. तिथल्या कित्येक विहिरी-बोअरचं टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, हजाराच्या वर असतं. निऑन टेट्रा, डिस्कस, एंजल हे अमेझॉनच्या मऊ, आम्लधर्मी पाण्याचे मासे. त्यांना खारपाणात टाकणं म्हणजे हळूहळू मारणं. शिवाय वरचा अमोनियाचा आकडा आठवा: बोअरचं पाणी साधारण पीएच ८ च्या जवळ असतं, म्हणजे टाकीतली तेवढीच घाण इथे जवळपास दहापट विषारी ठरते.

मोली, गप्पी, प्लॅटी, स्वोर्डटेल या पिल्लं देणाऱ्या माशांना मात्र जड पाणीच आवडतं. मोली तर किंचित खाऱ्या पाण्यातही मजेत असते. त्यामुळे खारपाणपट्ट्यात दुकानातला सगळ्यात स्वस्त मासाच सगळ्यात योग्य निघतो, आणि दुकानदाराला नेमकं हेच सांगण्यात रस नसतो. पूर्वेकडे, जिथे नळाला तलावाचं किंवा वैनगंगेचं पाणी येतं, तिथे पाणी तुलनेने मऊ असतं आणि निवडीला जास्त वाव मिळतो. गावातल्या आरओवाल्याकडे टीडीएस मीटर असतोच. एक पेला पाणी नेऊन मोजून घ्या, मगच मासा निवडा.

टेट्राच हवे असतील तर बोअरचं एक भाग पाणी आणि आरओच्या कॅनचं तीन भाग असं मिसळता येतं: १६०० टीडीएसचं पाणी साधारण ४५० वर येतं. नुसतं आरओचं पाणी वापरू नका. त्यात क्षार जवळपास नसल्याने पीएच धरून ठेवणारं काही उरत नाही, आणि तो एका रात्रीत कोसळतो.

ग्रामपंचायतीच्या नळाचं पाणी असेल तर त्यात टीसीएल पावडर असते. क्लोरीन कल्ले जाळतं. पाणी उघड्या बादलीत २४ तास ठेवा, किंवा घाई असेल तर २० लिटरला हायपोचा (सोडियम थायोसल्फेटचा) हरभऱ्याएवढा एक खडा विरघळवा. ज्या दिवशी पावडर हातचं न राखता टाकली जाते, म्हणजे पावसाळ्यात साथीच्या दिवसांत, त्या दिवशी पाणी बदलूच नका.

टाकीची गोष्टही इथेच सांगून टाकतो, कारण मासे सर्वांत जास्त मरतात ते पहिल्या महिन्यात. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत साधारण ५० लिटर पाणी बसतं. नव्या टाकीत अमोनिया पचवणारे जिवाणू नसतात. ते स्पंज फिल्टरवर बसायला चार ते सहा आठवडे लागतात: आधी अमोनियाचं नायट्राइट होतं, तेही विषारी, आणि मग नायट्रेट, जे बरंच निरुपद्रवी. तोवर टाकी माशांविना चालवायची. रोज चिमूटभर खाद्य टाकून ते कुजू द्यायचं, आणि अमोनिया-नायट्राइट दोन्ही शून्य दाखवू लागले की मासे आणायचे. ओळखीच्या कुणाची जुनी टाकी असेल तर तिच्यातला स्पंज तिथल्याच पाण्यात पिळून तो गाळ आपल्या फिल्टरवर ओता. निम्मा वेळ वाचतो. टाकी आणि मासे एकाच दिवशी विकणारा दुकानदार तुम्हाला पंधरा दिवसांनी परत यायला लावतो, हे लक्षात असू द्या.

५० लिटरला आठ-दहा गप्पी. सगळे नर. हे महत्त्वाचं आहे: गप्पीची मादी महिन्याकाठी वीस-तीस पिल्लं देते आणि एकदा नराशी संबंध आला की पुढचे काही महिने नराशिवायही देत राहते. सहा महिन्यांत टाकी ओसंडते, आणि ओसंडलेली टाकी रिकामी करायला माणूस तलाव शोधतो.

नवतपा आणि लाइन

पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी विरघळतो. २० अंशाला लिटरमागे ९.१ मिलिग्रॅम, तर ३५ अंशाला ६.९. त्याच वेळी माशाची ऑक्सिजनची गरज वाढलेली असते. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे बाहेर ४६ अंश असताना घरातलं टाकीचं पाणी ३४-३५ पर्यंत सहज जातं. पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात ते यामुळेच.

कूलरची हवा पाण्याच्या पृष्ठभागावरून वाहू द्या. बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं. टाकीची पातळी रोज खाली जाईल. भर घालताना बोअरचं पाणी नको, कारण उडून जातं ते पाणी, क्षार मागेच राहतात. ही भर आरओच्या पाण्याची घाला. बर्फाच्या बाटलीवर फार भिस्त ठेवू नका: अर्ध्या लिटरची गोठवलेली बाटली ५० लिटर पाणी जेमतेम एक अंश खाली आणते. लाइन गेली तर यूएसबीवर चालणारा एअर पंप पॉवर बँकेवर रात्र काढतो. फक्त एक अडचण: हा पंप इतकी कमी वीज ओढतो की बऱ्याच पॉवर बँका ‘काहीच जोडलेलं नाही’ असं समजून आपोआप बंद होतात. विकत घेण्याआधी दोन तास चालवून बघा. उन्हाळ्यात खाद्य अर्ध्यावर आणा, आणि एप्रिल ते जून नवा मासा घेऊ नका. एसटीत चार तास तापलेली पिशवी कुणालाच झेपत नाही.

कापूस-सोयाबीनच्या गावांत आणखी एक धोका आहे. सायपरमेथ्रिन, लॅम्डा-सायहॅलोथ्रिन ही फवारणीची औषधं माणसापेक्षा माशाला कित्येक पटींनी घातक. लिटरमागे काही मायक्रोग्रॅम पुरतात. फवारणीची बादली कितीही धुतली तरी टाकीसाठी वापरायची नाही. फवारून आलेला हात साबणाने धुतल्याशिवाय पाण्यात घालायचा नाही. मच्छरांची लिक्विड मशीन टाकीच्या खोलीत लावायची नाही, कारण एअर पंप तीच हवा ओढून पाण्यात सोडतो.

दुकानात उभं राहून

टाक्यांमध्ये मेलेला मासा तरंगतोय का, ते आधी बघा. एखादा मरणं समजू शकतं, मेलेला तसाच राहणं नाही. पंख मिटून कोपऱ्यात बसलेला, पोट खपाटीला गेलेला, अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके असलेला मासा दिसला तर त्या टाकीतलाच नव्हे, त्या दुकानातला कुठलाच मासा घेऊ नका. बऱ्याच दुकानांत सगळ्या टाक्यांना एकच जाळी फिरते. पाणी निळं-हिरवं दिसत असेल तर औषध चालू आहे. ‘माल कधी आला’ विचारा आणि आल्यापासून आठवडा झालेलाच घ्या. समोर खाद्य टाकायला सांगा. चांगला दुकानदार टाकतो, आणि ‘तुमच्याकडे पाणी कुठलं’ असंही विचारतो. असा दुकानदार सापडला तर दोन पैसे जास्त द्या.

दया येऊन आजारी मासा विकत घेण्याचा मोह चांगल्या माणसांनाच होतो. पण दुकानदाराच्या वहीत ती विक्रीच असते, आणि पुढच्या मालात तो जास्त मासे मागवतो. जत्रेतल्या हातात धरायच्या पिशव्यांनाही हेच लागू. पोराला नाही म्हणणं जड जातं, पण त्या पिशवीतल्या माशाला जायला घरी टाकीच नसते.

दुकान टाळायचं असेल तर गावात-तालुक्यात गप्पी-मोली पाळणारा कुणी ना कुणी असतो आणि त्याच्याकडे पिल्लं उतू जात असतात. ती आपल्याच पाण्यात जन्मलेली, प्रवास शून्य. कुणाला यातून जोडधंदाच करायचा असेल तर प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत परसातल्या शोभेच्या मासेपालनाला ४० टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदानाची तरतूद केलेली आहे. सध्या अर्ज चालू आहेत का, ते जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारा. नागपुरात तेलंगखेडीला मत्स्य विज्ञान महाविद्यालय आहे, तिथे पैदाशीबद्दल विचारता येतं.

नकोसा झालेला मासा

तलावात सोडू नये. बोडीत नाही, शेततळ्यात नाही, विसर्जनाच्या दिवशी पुण्य म्हणून तर मुळीच नाही. भंडारा-गोंदियाचे मामा (माजी मालगुजारी) तलाव एकाखाली एक आहेत. वरच्याचा सांडवा वाहिला की पाणी खालच्यात आणि शेवटी वैनगंगेत. एका तलावात सोडलेला मासा एका तलावापुरता राहत नाही. सकर काठात बिळं करतो, पाळ पोखरतो, त्याच्या काटेरी कवचाने ढीवरांची जाळी फाटतात, आणि बाजारात त्याला कुणी विचारत नाही. केरळ, तामिळनाडू आणि कोलकात्याच्या पूर्वेकडच्या पाणथळीत तो पसरला आहे. २०२३ साली श्रीनगरच्या दल सरोवरात अमेरिकेतला अ‍ॅलिगेटर गार सापडला होता. तो तिथवर पोहत गेला नव्हता. इकडे ढीवर समाजातल्या बाया तलावांत देशी पाणवनस्पती लावून मरळ, शिंगी परत आणायच्या मागे लागल्या आहेत, आणि त्यावर पाणी फिरवायला एक बादली पुरते.

‘मग आरोग्य खातं गप्पी सोडतं ते?’ हा प्रश्न रास्त आहे. प्राथमिक आरोग्य केंद्राचे गप्पी डासअळ्यांसाठी असतात आणि त्यांची जागा पडक्या विहिरी, टाकी, साचलेली डबकी ही आहे. नैसर्गिक तलाव-नाले नाहीत. घरचे जास्तीचे गप्पी द्यायचेच असतील तर केंद्राच्या पैदास टाकीसाठी विचारून बघा.

मोठा झालेला मासा आधी दुकानदाराला परत द्या. बरेच जण फुकट घेतात. घेणारा नसेल, किंवा मासा बरा न होण्यासारखा आजारी असेल, तर मेडिकलमधून दातदुखीचं लवंग तेल आणा. बाटलीत थोडं कोमट पाणी घेऊन त्यात तेल घाला आणि दुधाळ होईपर्यंत हलवा, कारण ते नुसतं पाण्यात मिसळत नाही. प्रमाण लिटरला दहा थेंब. टाकीचंच पाणी एका भांड्यात घेऊन त्यात हे मिसळा आणि मासा सोडा. तो आधी निजतो, मग कल्ल्यांची हालचाल थांबते. थांबल्यावरही किमान १५ मिनिटं तसाच राहू द्या, नाहीतर शुद्धीवर येऊ शकतो. नंतर कुत्र्या-मांजराच्या तावडीत सापडणार नाही एवढ्या खोल पुरा. टाकीतली झाडं आणि गोगलगाई नालीत टाकू नका. उन्हात कडक वाळवून मगच उकिरड्यावर. टाकीचं पाणी भाजीच्या वाफ्याला चालतं, पण औषध किंवा मीठ घातलेलं असेल तर तेही नको.